खनिज रेडीत, भट्टी डोलवीत: पोलाद नेमकं कुठे तयार होतं आणि का?

वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धरमतरचा पूल येतो. खाली अंबा नदीची खाडी, खाडीत माल भरलेले बार्ज, आणि जवळच डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुरांडी. माझी भाची वेंगुर्ल्याची. रेडीच्या खाणी, रस्त्यावरचा लाल धुरळा, खनिजाचे ट्रक हे सगळं तिने लहानपणापासून पाहिलेलं. गेल्या मे महिन्यात याच रस्त्यावर तिने मला विचारलं, “मामा, खनिज आमच्याकडे आणि कारखाना इकडे, असं कसं?”

शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळतं: कारखाने कच्च्या मालाजवळ उभे राहतात. ते अर्धंच खरं आहे. पोलादाला एक कच्चा माल पुरत नाही, तीन लागतात: लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी. हे तिघे शेजारी सापडणं फार दुर्मीळ. मग कुणी कुणाकडे जायचं, हा प्रश्न उरतो. पोलादाचा जवळजवळ सगळा इतिहास या एका प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा आहे.

आधी आपल्या अंगणातलं गणित. आमसुलं आपण कुठे करतो? रातांब्याच्या झाडापासून जवळच. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात टाकायची. रातांब्यांच्या पाट्या भरून मुंबईला न्यायच्या आणि तिथल्या गच्चीवर आमसुलं करायची, असं कुणी करत नाही. बियांचं आणि पाण्याचं भाडं कोण भरणार? पावाची भट्टी मात्र गिऱ्हाइकाच्या दाराशी असते. पिठाचं पोतं लांबून आणणं सोपं, फुगलेला ताजा पाव लांब नेणं कठीण. करताना वजन घटणाऱ्या वस्तू मालाजवळ तयार होतात, आकार वाढणाऱ्या किंवा नासणाऱ्या वस्तू बाजाराजवळ. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर याने १९०९ मध्ये कारखान्यांच्या जागांबद्दल जो सिद्धांत मांडला, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे.

पोलाद रातांब्याच्या गटातलं. गंजक्या खिळ्यावरचा गंज आणि खाणीतलं खनिज हे जवळचे नातेवाईक. दोन्ही म्हणजे लोखंडाला घट्ट चिकटलेला प्राणवायू. अगदी शुद्ध हेमेटाइट, म्हणजे सर्वांत सकस लोहखनिजांपैकी एक, घेतलं, तरी १०० किलोत लोखंड ७० किलोच निघतं. तो प्राणवायू ओढून काढायला कार्बन लागतो, आणि कार्बन मिळतो कोळशातून. म्हणजे भट्टीतला कोळसा नुसता जळून उष्णता देत नाही, तो खनिजातला प्राणवायू स्वतःकडे खेचून वायूच्या रूपाने निघून जातो. चुनखडीचं काम सफाईचं. खनिजातली वाळू-माती तिच्याशी एकजीव होते आणि वितळलेल्या लोखंडावर मळी बनून तरंगते.

आजच्या चांगल्या झोतभट्टीत, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून लोखंड गाळणाऱ्या उंच भट्टीत, टनभर लोखंडासाठी साधारण दीड टन खनिज, पाऊण टनाच्या आसपास कोळसा आणि थोडी चुनखडी लागते. आता वजन कुठे जातं ते पाहा. खनिजातलं अर्ध्याहून जास्त वजन लोखंड म्हणून हाती लागतं. कोळशातलं जवळजवळ काहीच लागत नाही, सगळं धुरांड्यातून जातं. कोळशाच्या वाहतुकीवर घातलेला पैसा अक्षरशः हवेत विरतो. म्हणून भट्टीची जागा ठरवताना शतकानुशतकं खनिजापेक्षा इंधनाचा शब्द जड ठरला.

सर्वांत जुनं इंधन लाकडी कोळसा. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातलं लोहखनिज वेचून मातीच्या छोट्या भट्टीत भात्याने वारा घालून लोखंड गाळत. या भट्ट्या डोंगरात, जंगलातच का? लाकडी कोळसा ठिसूळ असतो. बैलगाडीत दोन-चार कोस धक्के खाल्ले की निम्मा चुरा होतो, आणि चुरा भट्टीत घातला तर वारा कोंडतो. शिवाय जंगल तोडून संपलं की कोळसा आणखी लांबून आणायची वेळ येते. म्हणून जंगल सरकलं की भट्टीही सरकायची. खनिज डोक्यावरून नेता येई, रान नेता येत नसे. इंग्रजी अमलात जंगलांवर निर्बंध आले. त्याच सुमारास मुंबई बंदरात उतरणारं विलायती लोखंड इतकं स्वस्त झालं की घाटावरच्या लोहारालाही तेच परवडू लागलं. धावडांची विद्या कमी पडली म्हणून त्यांच्या भट्ट्या थांबल्या, असं मला वाटत नाही. हजारो मैलांवरून जहाजाने आलेलं लोखंड शेजारच्या डोंगरातल्या लोखंडापेक्षा स्वस्त पडलं. समुद्रवाटेची ताकद आपल्या किनाऱ्याने तेव्हा, आपल्याच तोट्यातून, पाहिली.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. दक्षिण भारतातलं मुशीतलं उंची पोलाद, ज्याला युरोपीय लोक वुट्झ म्हणत, ते शेकडो वर्षं इराण-अरबस्तानकडे जात असे. तलवारीच्या पात्यापुरता तो गोळा वजनाने थोडा, किमतीने मोठा. असा माल कुठूनही कुठेही जाऊ शकतो. पण रूळ, पूल, जहाजं बांधायची तर लाखो टन लागतात, आणि तिथे मण-मण भाड्याचा हिशेब करावाच लागतो.

तेवढं लोखंड लाकडी कोळशावर निघणं शक्य नव्हतं. मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो इथे जोसाया मार्शल हीथ याने १८३०च्या दशकात मोठ्या उमेदीने लोखंडाचा कारखाना काढला. खनिज उत्तम, समुद्र दाराशी. पण इंधन लाकडी कोळशाचं, आणि तो पुरवता पुरवता धंदा डबघाईला आला. इंग्लंडमध्ये ही कोंडी आधीच फुटली होती. १७०९ मध्ये अब्राहम डार्बी याने कोलब्रुकडेल इथे कोक वापरून लोखंड गाळलं. कोक म्हणजे हवा बंद करून भाजलेला दगडी कोळसा. त्यातला धूर, डांबर, गंधकाचा बराच भाग निघून जातो आणि उरतो सच्छिद्र, टणक कार्बन. टणकपणा इथे फार मोलाचा. भट्टीत वरून टनावारी खनिज दाबत असतं. त्याखाली लाकडी कोळशाचा भुगा होतो, कोक मात्र तग धरतो आणि वाऱ्याला वाट ठेवतो. त्यामुळे भट्ट्या उंच करता आल्या.

सुरुवातीला कोळसा किती लागत होता याची आज कल्पना येत नाही. स्कॉटलंडच्या क्लाइड कारखान्यात १८२९ च्या सुमारास एक टन लोखंडामागे ८ टन कोळसा जळे. मग जेम्स नीलसन याने भट्टीत थंड वाऱ्याऐवजी तापवलेला वारा सोडायची युक्ती काढली. १८२८ मध्ये तिचं पेटंट झालं होतं, आणि १८३३ पर्यंत तोच आकडा सव्वादोन टनांवर आला. ८ टन कोळसा लागतो तेव्हा भट्टी कोळशाच्या खाणीजवळ असणं भागच असतं. सव्वादोन टन लागतो तेव्हा थोडा श्वास घेता येतो. पाऊण टनावर आल्यावर खाणीची सक्ती जवळपास संपते. हा घसरत जाणारा आकडा ध्यानात ठेवा, डोलवीचं उत्तर त्यात आहे.

मधल्या काळातली आपल्या राज्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८८२ मध्ये जमशेदजी टाटांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या लोहारा इथे उत्तम लोहखनिज असल्याचं त्यात लिहिलं होतं. जवळच वरोऱ्याला कोळशाची खाण होती. नकाशावर पाहिलं तर याहून चांगली जागा नाही. पण वरोऱ्याचा कोळसा तपासून पाहिला तेव्हा तो भट्टीच्या कामाचा निघाला नाही. सगळ्या दगडी कोळशाचा कोक होत नाही. काही कोळसे तापवले की मऊ होऊन एकमेकांना चिकटतात आणि थंड झाल्यावर टणक ढेप बनतात, काहींची नुसती राख होते. पहिल्या जातीचा कोळसा भारतात मुख्यतः आजच्या झारखंडमधल्या झरियाच्या पट्ट्यात आहे. म्हणजे खनिज होतं, कोळसाही होता, पण योग्य जातीचा नव्हता, आणि देशातला पहिला मोठा पोलाद कारखाना विदर्भात उभा राहता राहता राहिला.

शोध पुढे वीस-पंचवीस वर्षं चालला. जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी नागपूरच्या संग्रहालयात गेले असताना त्यांना भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यातलं खनिज दिसलं आणि ते ढाली-राजहराच्या डोंगरांपर्यंत पोचले. मग १९०४ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी आजच्या ओडिशातल्या मयूरभंज संस्थानातल्या खनिजाबद्दल कळवलं. ते झरियाच्या कोळशाला जास्त जवळचं होतं. अखेर साकची गाव ठरलं: दोन नद्यांचं पाणी, कालीमाटी रेल्वे स्थानक जवळ, एकीकडे खनिज, दुसरीकडे कोळसा. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोखंड निघालं, १९१२ मध्ये पोलाद. तेच आजचं जमशेदपूर. ज्या ढाली-राजहराला टाटांनी मागे ठेवलं, त्याच खनिजावर पुढे भिलाईचा सरकारी कारखाना उभा राहिला.

अमेरिकेने हाच पेच पाण्याने सोडवला. कोक पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गच्या अंगणात. मेसाबीच्या डोंगररांगेतलं खनिज उत्तरेला सुपीरियर सरोवरापलीकडे, हजारभर मैलांवर. १८५५ मध्ये सुपीरियर आणि ह्युरॉन सरोवरांमधल्या सू इथे जलपाश, म्हणजे पाण्याची पातळी वर-खाली करून जहाज पुढे नेणारे दरवाजे, बांधले आणि जहाजं सरोवरांतून थेट ये-जा करू लागली. खनिज खाली यायचं, परतताना तीच जहाजं कोळसा वर न्यायची. रिकाम्या फेरीचं भाडं वाचलं. आपल्याकडचा कुठलाही जुना गलबतवाला हे ओळखेल: जाताना कौलं-नारळ, येताना धान्य-मीठ. रिकामं गलबत म्हणजे तोटा.

आता आपला किनारा. दक्षिण सिंधुदुर्ग आणि गोव्यात जमिनीखाली फार प्राचीन, लोहाने समृद्ध खडक आहेत. त्यांवर युगानुयुगं आपला पाऊस कोसळला, वाळूचा अंश धुऊन गेला, लोह मागे उरलं. पायाखालची लाल माती आणि घराचा जांभा चिरा याच प्रक्रियेची देणगी. पण कोकणात कोकला लायक दगडी कोळसा नाही. झरिया देशाच्या दुसऱ्या टोकाला. आणि किनाऱ्याने जाणारी रेल्वे? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. त्याआधी देशाच्या पूर्व भागातून इथे कोळसा आणून भट्टी पेटवायची, तर लोखंडाला सोन्याचा भाव द्यावा लागला असता. मग जे जवळ होतं त्याचा उपयोग झाला, आणि जवळ होतं पाणी.

गोव्याची खनिज वाहतूक हा वाहतुकीचा एक देखणा नमुना आहे, निदान यंत्रणा म्हणून. डिचोली, सांगे भागातल्या खाणींतून ट्रक नदीच्या धक्क्यापर्यंत थोडंसंच अंतर कापतात. तिथून मांडवी आणि जुवारीतून बार्ज मुरगावला जातात. एका ट्रकमध्ये १० टन, एका बार्जमध्ये हजार-दोन हजार टन, आणि बार्जला ढकलायला लागणारं इंधन ट्रकांच्या तुलनेत अगदी किरकोळ. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा दांडा धोक्याचा होतो. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून आतल्या आत जुवारीत उतरतात आणि मुरगाव गाठतात. स्वीडनमधल्या खनिजाची अशीच गोष्ट आहे. बाल्टिक समुद्रावरचं बंदर हिवाळ्यात गोठतं, म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगर ओलांडून नॉर्वेतल्या नार्विकपर्यंत रेल्वे नेली, कारण तिथला समुद्र गोठत नाही. त्यांना बर्फ, आपल्याला पाऊस.

गोव्याचा हा माल जायचा मुख्यतः जपानला. जपानकडे ना पुरेसं खनिज, ना पुरेसा कोळसा. जुन्या हिशेबाने तिथे पोलाद व्हायलाच नको होतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी वेगळा विचार केला. भट्टीची कोळशाची भूक कमी झाली आहे, जहाजं मोठी होत आहेत. मग कारखाना खाणीजवळ कशाला, थेट बंदरावरच बांधू. टोकियोच्या उपसागरात चिबा इथे १९५३ मध्ये असा कारखाना पेटला. एका बाजूने जगभरातून खनिज आणि कोळसा उतरवायचा, दुसऱ्या बाजूने पोलाद चढवायचं. शेकडो वर्षं पोलाद खाणीला बांधलेलं होतं, तिथे ते धक्क्याला बांधलं गेलं. गोव्याचं खनिज त्या नव्या भट्ट्यांचं सुरुवातीचं खाद्य होतं. रेडीचं खनिजही रेडीच्याच बंदरातून बाहेर जात राहिलं.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे, नाहीतर चित्र अपुरं राहतं. आपलं खनिज पुष्कळसं भुकटीच्या रूपात असतं, आणि त्यात लोहाचं प्रमाणही बेताचं. चुलीत भुसा कोंबला की वारा अडतो आणि नुसता धूर होतो. झोतभट्टीचंही तसंच. भुकटी आधी भाजून तिची ढेकळं करावी लागतात, किंवा गोळ्या वळाव्या लागतात. ती सोय असलेल्या परदेशी कारखान्यांना हा माल चालला. देशातल्या कारखान्यांना पूर्वेकडचं सकस, ढेकळांचं खनिज दाराशी मिळत होतं, ते आपल्याकडे कशाला वळतील? पुढे चीनची भूक वाढली आणि २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात ५ कोटी टनांच्या आसपास गेली. शेतांत, ओढ्यांत उतरलेला लाल गाळ त्या वर्षांचाच. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं खाणकाम थांबवलं आणि बार्ज नदीकाठी ओळीने उभे राहिले. शेतांच्या, ओढ्यांच्या नुकसानीचा हिशेब टनांत मांडता येत नाही, म्हणून तो कुठल्याच भाडेपत्रकात येत नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

मग कोकणात कारखाना आला तो कसा? यात सरकारी धोरणाचाही हात आहे. १९५०च्या दशकापासून सरकारने भाडे समानीकरण लागू केलं. पोलाद जमशेदपुरात घ्या की मुंबईत, भाव एकच. वाहतुकीचा फरक सरकारी यंत्रणेने भरून काढायचा. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांना ते मानवलं, पूर्वेकडच्या खनिजसंपन्न राज्यांचं त्यात नुकसान झालं. आणि पश्चिम किनाऱ्यावर पोलाद बनवण्याचं कारणच उरलं नाही, असं माझं मत आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे धोरण मोडलं. अंतराला पुन्हा किंमत आली.

तोवर आणखी एक गोष्ट घडली होती. १९७४ मध्ये मुंबई हाय सापडलं आणि तिथला नैसर्गिक वायू नळातून उरणला येऊ लागला. खनिजातला प्राणवायू काढायला कार्बन हवा, तो कोळशातूनच आला पाहिजे असं कुठे आहे? वायूही ते काम करतो. न वितळवता खनिजातून प्राणवायू काढला की उरतं स्पंज आयर्न. मग ते विजेच्या भट्टीत वितळवून पोलाद करता येतं. जिथे कोळसा नाही तिथे नळातून इंधन आलं, आणि रेवदंड्याच्या खाडीकाठी साळाव, धरमतरजवळ डोलवी इथे वायूवर चालणारे प्रकल्प उभे राहिले. दोन्ही खाडीकाठी, दोन्ही मुंबईच्या बाजारापासून काही तासांवर. पुढे डोलवीत झोतभट्ट्याही आल्या, आणि आज कारखान्याची क्षमता वर्षाला १ कोटी टन आहे.

या भट्ट्यांचं खाद्य कुठून येतं हे सांगितल्यावर भाचीचा विश्वासच बसेना. कोकिंग, म्हणजे कोक होणारा, कोळसा ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांतून. खनिजातलं काही ओडिशातून, तेही पारादीप बंदरातून कन्याकुमारीला वळसा घालून. नकाशावर सरळ रेघ मारली तर रेल्वेची वाट किती तरी जवळची. पण पाण्यावर टनामागे जी किंमत पडते, तिच्यापुढे मैलांचा हिशेब मागे पडतो. अवाढव्य जहाजं अंबेच्या उथळ खाडीत शिरू शकत नाहीत. ती शास्त्री नदीच्या मुखाशी, जयगडच्या खोल बंदरात थांबतात. तिथे माल छोट्या जहाजांत, बार्जमध्ये भरतात आणि किनाऱ्याकिनाऱ्याने धरमतरला आणतात. पूर्वी गलबतं आणि पडाव हेच करत, फक्त माल वेगळा होता.

रेडीला एवढी मोठी भट्टी का नाही, तर त्याचंही उत्तर आता तिचं तिलाच देता आलं. तिथे बिडाचा, म्हणजे झोतभट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाचा, छोटा कारखाना निघाला होता. पण नुसतं खनिज जवळ असून भागत नाही. कोळसा तरीही जहाजाने आणावा लागणार, त्यासाठी खोल बंदर हवं, आणि बनलेलं पोलाद पुन्हा मुंबई-पुण्याकडे न्यावं लागणार. डोलवीला खनिज लांबचं, पण बाजार, वायू आणि पाण्याची वाट जवळ.

पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. अकराचा सुमार होता, पाणी नुकतंच चढायला लागलं होतं, आणि दोन भरलेले बार्ज नांगरून थांबले होते. “हे हलत का नाहीत?” तिने विचारलं. मी तिला तिथी विचारली. पंचमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तिला आजीने शिकवलेलं होतं. तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “पावणेचार.”